रामधन मिस्त्री आणि बसंतीची तीनचाकी

पांढरकवड्याच्या बायपासला लागून पत्र्याचं एक शेड आहे. समोर दोन-तीन ट्रक कायम उभे असतात, कुणाचं बोनेट उघडं, कुणी जॅकवर उचललेला. हैदराबादकडून येणाऱ्या गाडीच्या पोटातून खरखर ऐकू यायला लागली, की ड्रायव्हर आदिलाबादेपासूनच एकमेकांना फोनवर सांगतात, "पांढरकवड्यापर्यंत ढकल. रामधनले दाखव."

हा रामधन म्हणजे रामधन राठोड. पन्नाशी ओलांडलेला, रुंद छातीचा, दंड अजूनही पैलवानासारखे. ट्रकचा गिअरबॉक्स उतरवायचा, आतलं झिजलेलं दातेरी चाक काढायचं, त्याच मापाचं नवं बसवायचं आणि गाडी रस्त्याला लावायची, हे काम त्यानं उभा जन्म केलं. गाडीखाली न शिरता, नुसता आवाज ऐकून तो कोणत्या चाकाचा दात गेला ते सांगायचा. लोक त्याला 'गिअरवाला' म्हणत. कुणी तसं म्हटलं की रामधन काही न ऐकल्यासारखं करायचा, पण त्याच्या चालण्यात फरक पडायचा.

त्याचा बंजारा तांडा केळापूरच्या पलीकडे, एका बरड माळावर. खाली नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, तिथून डांबरी रस्ता सरळ वर चढतो आणि सेवालाल महाराजांच्या मंदिरापाशी संपतो. दोन्ही बाजूंनी घरं. चढाच्या मधोमध उजव्या हाताला त्याच्या धाकट्या बहिणीचं, बसंतीचं घर. आईबाप गेल्यावर ती तिथं एकटीच राहायची.

बसंती तीन वर्षांची असताना पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले. शाळेच्या वयाची झाली तेव्हा रामधन तिला पाठुंगळी घेऊन केळापूरच्या शाळेत न्यायचा. तिच्या दप्तराचा पट्टा त्याच्या गळ्यात आणि तिचे हात त्याच्या खांद्यावर. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली आणि गॅरेजात चिकटला. बसंतीला पुढं बाप बैलगाडीतून सोडायचा. ती दहावी झाली, शिवणकाम शिकली. हातानं फिरवायच्या मशीनवर तिनं चार गावांचे ब्लाउज आणि शाळेचे ड्रेस शिवले. तिच्या हाताला सफाई होती आणि जिभेला धार.

एकच गोष्ट तिला सहन होत नसे. कुणी तिला उचललेलं. कापड आणायला, दवाखान्यात, लग्नाला, कुठंही जायचं तर कुणीतरी तिला काखेत हात घालून उचलायचं आणि मोटरसायकलवर बसवायचं. उचलणारे भले लोक होते. पण उचलताना ते तिच्याशी बोलायचे नाहीत, आपसात बोलायचे. "पाय धर. इकडून घे. हां, ठेव." एखादं पोतं चढवावं तसं.

तिला मिळालेली हातानं चालवायची जुनी तीनचाकी गंजून मोडली होती. बॅटरीवाल्या गाडीसाठी अर्ज केला होता, पण नंबर लागत नव्हता. त्या दिवाळीला रामधन तांड्यात आला तेव्हा ओवाळून झाल्यावर ती म्हणाली,

"भिया, मले या दिवाळीत साडी नको. मले एक गाडी करून दे. दुनियेच्या गाड्या सुधरवतं तू, माही एक कर."

"बस एवढंच?" रामधन म्हणाला. "अशी गाडी करून देतो का पूरा तांडा पाहत राहीन."

त्यानं खरंच मन लावून केली. जुन्या सांगाड्याला नवे पाइप जोडले, स्कूटरची सीट बसवली, मागं कापडाचे तागे ठेवायला पेटी केली. तीनचाकीत हातानं फिरवायचा दांडा छातीसमोर असतो. त्या दांड्याला एक दातेरी चकती, तिच्यावरून साखळी खाली मागच्या चाकाकडे, आणि तिथं दुसरी दातेरी चकती. दांडा फिरवला की साखळी ओढली जाते आणि चाक फिरतं. एवढंच त्याचं यंत्र. रामधननं दांड्याला एका रेसच्या सायकलची भलीमोठी चकती लावली. मागं मात्र बाजारात मिळाली त्यातली सगळ्यात लहान. मोठ्या चाकात मोठी ताकद, हा त्याचा साधा हिशेब. ट्रकची मोठी चाकं त्यानं उचलली होती, ती किती वजनदार असतात ते त्याच्या कमरेला ठाऊक होतं. त्यापलीकडं विचार करायची त्याला कधी वेळच आली नव्हती. कंपनीनं जिथं जे चाक ठेवलं तिथं तेच पुन्हा ठेवायचं, एवढं आयुष्यभर पुरलं होतं.

शेडासमोरच्या सपाट काँक्रीटवर त्यानं गाडी चालवून पाहिली. एकदा हात फिरवला की गाडी सुसाट पुढं. थांबलेल्या ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या.

त्याची बायको रंजिता चहा घेऊन आली होती. ती बघत उभी राहिली आणि म्हणाली, "तांड्याच्या चढावर चालवून पाह्यली का?"

"गिअरवाल्याले तू चढ शिकवून राह्यली का?" रामधन हसला. ड्रायव्हरही हसले. रंजिता कप गोळा करून आत गेली.

सेवालाल जयंतीला तांड्यात बाहेरगावी गेलेलेही सगळे परत येतात. पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेली पोरं, ऊसतोडीवरून सुट्टी काढून आलेले, सगळे. रामधननं तोच दिवस धरला. टेम्पोतून गाडी आणली, हँडलला झेंडूचा हार घातला. मंदिरापुढं भोग झाला, प्रसाद वाटला आणि मग तांड्याचे पुढारी धरमसिंग नाईक म्हणाले, "चला, आता रामधनची गाडी पाहू."

बसंतीला त्यानं खाली रपट्यापाशी नेलं. ती म्हणालीही, "भिया, आधी मी आंगणातल्या सपाटीवर शिकतो ना. आज कायले?"

"आजच. अगं, सगळे जमले हायेत. तू फक्त हात फिरव, गाडी आपोआप मंदिरापर्यंत येते."

रामधन स्वतः वर जाऊन मंदिराच्या पायरीवर उभा राहिला. दोन्ही बाजूंना माणसं, ओट्यांवर बाया, हातात मोबाइल. बसंतीनं नवी हिरवी साडी नेसली होती. तिनं पदर खोचला आणि दांडा फिरवला.

रपट्याची थोडी सपाटी गाडीनं झपकन ओलांडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चढ लागला आणि दांडा जड झाला. बसंतीनं पुढं वाकून जोर लावला. गाडी थोडी सरकली. तिनं पुन्हा लावला. आता तिचं सगळं अंग दांड्यावर ओणवं झालं होतं, गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. बसंतीच्याच घरासमोर येऊन गाडी थांबली. दांडा हलेना. टाळ्याही थांबल्या.

"लाव जोर!" वरून रामधन ओरडला. "लाव, लाव!"

गाडी क्षणभर तशीच राहिली आणि मग मागं जायला लागली. बसंतीनं ब्रेक दाबला, पण तो चढावर धरणारा नव्हता. तीनचाकी वाकडी झाली, एक चाक नालीत गेलं आणि बसंती कोपरावर पडली. बाया धावल्या. दोघांनी तिला उचललं. पाय धर, इकडून घे. हिरव्या साडीला नालीचा चिखल लागला होता, कोपरातून रक्त येत होतं. मागं कुणीतरी हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

रामधन धावत खाली आला. सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडे वळले होते. पुण्याहून आलेली पोरं, नाईक, आयाबाया. त्यावेळी त्याच्या तोंडून जे निघालं ते त्यानं ठरवून काढलं नव्हतं.

"मशीन बरोबर हाये," तो म्हणाला. "हिच्या हातातच जोर नाही. बसून बसून हात गेले हिचे."

लोकांनी माना हलवल्या. खरंच तर, गिअरवाला चुकेल कसा. "बाईमाणूस हाये बिचारी," एक म्हातारी म्हणाली. "दूध पीत जाय बाई."

बसंतीनं त्याच्याकडे पाहिलं. ती गप्प राहिलेली रामधननं आधी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तांड्यात तेच चाललं. कापड टाकायला आलेली प्रत्येक बाई बसंतीला हात दाबून पाहायची, तेल चोळायला सांगायची. कुणी म्हणालं, आता मशीनही कुणाला देऊन टाक, झेपायचं नाही. तिचं पडणं कुणाच्या तरी मोबाइलवरून दुसऱ्याच्या मोबाइलवर गेलं होतं. रामधनच्या एका गिऱ्हाइकानं तर शेडात बसून ते त्यालाच दाखवलं. "तुमच्याच इकडचं हाये ना हे?" रामधन म्हणाला, "असंन," आणि गाडीखाली शिरला.

वाकलेलं चाक सरळ करायला म्हणून तो एका दुपारी टेम्पो घेऊन तांड्यात गेला. कापसाची शेवटची वेचणी चालू होती, माणसं शेतात होती. गाडी बसंतीच्या घराच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. दार नुसतं लोटलेलं. आतून मशीनचा आवाज येत नव्हता, झोपली असेल असं त्याला वाटलं. त्यानं हाक मारली नाही. चाक जागेवरच ठोकून सरळ केलं आणि मग, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, तो गाडी खाली रपट्यापाशी घेऊन गेला आणि तिच्यात बसला.

पाय त्यानं वर पाटीवर आखडून घेतले. दांडा धरला. ट्रकचा गिअरबॉक्स एकट्यानं ओढून काढणारे ते हात. सपाटी संपली, चढ लागला आणि दांड्यानं त्याला अडवलं. त्यानं दात खाऊन जोर लावला. गाडी दोन हात सरकली. पुन्हा लावला. खांद्यातून कळ निघाली. बसंती जिथवर पोचली होती तिथवरही तो पोचला नाही. गाडी मागं जायला लागली तेव्हा त्यानं पटकन पाय खाली टेकवला.

पाय टेकवला आणि तो तसाच बसून राहिला. आपल्याला टेकवायला पाय होता, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचे कान तापले. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. रस्त्यावर एक कुत्रं होतं, बाकी कुणी नाही. तो उतरला, गाडी ढकलत टेम्पोपर्यंत नेली आणि शेडात आणून कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवली. रंजिता म्हणाली, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. सामान मिळून नाही राह्यलं."

त्यानंतर तो तांड्याकडे फिरकला नाही. बसंतीचा फोन आला की गाडीखाली असल्याचं सांगायचा. नंतर तिचे फोनही थांबले. होळी आली. बंजाऱ्याच्या पोरानं होळीला तांड्यात जाऊ नये असं कधी घडत नाही. रातभर लेंगी गातात, नाचतात, त्या वर्षी जन्मलेल्या पोराचा धुंडीचा विधी करतात. रामधननं अंगात कणकण असल्याचं सांगितलं. रंजिता एकटी गेली आणि आल्यावर म्हणाली, "बसंती आली नाही नाचाकडे. घरातच होती. उचलून नेतो म्हटलं तर म्हणे, नको." रामधन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

सगळ्यात वाईट म्हणजे, गाडी का चढली नाही हे त्याला कळत नव्हतं. चूक झाली एवढं हातांनी सांगितलं होतं. कुठं झाली ते त्याच्या डोक्यात उतरत नव्हतं, आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. गिअरवाल्यानं गिअरचं कुणाला विचारायचं?

उन्हाळा लागला तेव्हा एक दिवस दिपाली आली. तिच्या वडिलांचा ट्रक पूर्वी रामधनकडेच यायचा, तेव्हा ती फ्रॉकमध्ये त्यांच्यासोबत येऊन टायरवर बसायची. आता ती यवतमाळहून इंजिनिअरिंग शिकून आली होती आणि आयटीआयमध्ये शिकवत होती.

"काका, भंगारातला एखादा गिअरबॉक्स असला तर द्या ना. वर्गात कापून दाखवायचा आहे."

"घेऊन जाय, बेटा. दोन पडले हायेत." रामधननं तिला खुर्ची पुसून दिली. ती चहा पीत होती. त्याच्या मनात ते घोळत होतं. शेवटी गिअरबॉक्सवरची धूळ झटकत, तिच्याकडे न पाहता तो म्हणाला,

"एक गिऱ्हाइक हाये माह्याकडं. अपंगाची तीनचाकी घेऊन आला. म्हणते सपाटीवर पळते, चढावर हालत नाही. समोर मोठी चकती हाये, मागं लहान. मी म्हटलं विचारून पाहू, तुमच्या पुस्तकात काय देतात."

दिपालीनं कप खाली ठेवला. "किती दात आहेत?"

"समोर अठ्ठेचाळीस. मागं सोळा."

"मग कशी चढेल?" ती सहज म्हणाली, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही ते पाहून थांबली. "काका, घाट लागला की ड्रायव्हर काय करतो?"

"पहिला टाकते."

"कशाला?"

"ताकद भेटते."

"पण इंजिन तर तेच आहे. डिझेल तेच. मग ताकद कुठून येते?"

इतकी वर्षं शेकडो गाड्यांचा पहिला गिअर त्यानं बसवला होता. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि त्यालाही पडला नव्हता.

फळीवर एक ट्रकचा गिअरबॉक्स उघडा पडला होता. दिपाली उठून तिथं गेली. "पहिल्याचं चाक दाखवा."

न पाहता त्याचा हात बरोबर पडला. वरच्या दांड्यावरचं सगळ्यात मोठं चाक.

"आणि याला फिरवणारं?"

खालच्या दांड्यावरचं सगळ्यात लहान. त्याचं बोट तिथं गेलं आणि तिथंच राहिलं.

दिपालीनं खडू मागितला. दोन्ही चाकांवर एकेक खूण केली. "आता खालचं फिरवा."

रामधननं फिरवलं. लहान चाकाची खूण एकदा वर आली, गेली. पुन्हा आली, गेली. वरचं मोठं चाक सावकाश सरकत होतं. लहानग्याचे तीन फेरे होऊन चौथा सुरू झाला, तेव्हा कुठं मोठ्याची खूण परत जागेवर आली.

"पाहा," ती म्हणाली. "ज्याच्याकडून जोर यायचा ते खूप फिरतं आणि ज्याला ओढायचं ते कमी फिरतं. पहार लावून दगड उचलता ना तुम्ही? हाताकडचं टोक हातभर खाली येतं, दगड बोटभर वर जातो. अंतर सोडायचं, जोर घ्यायचा. वेग हवा असेल तर उलटं करायचं, पण मग जोर सोडावा लागतो. दोन्ही एकदम मिळत नाही."

रामधन चाकाकडेच पाहत होता.

"तुमच्या त्या तीनचाकीत अठ्ठेचाळीसचं सोळाला फिरवतं. हाताचा एक फेरा, चाकाचे तीन. सपाटीवर पळणारच. पण चढावर प्रत्येक फेऱ्याला तिप्पट ओझं हातावर. ज्यानं केली त्यानं त्या माणसाच्या हाताला टॉपच्याही वरचा गिअर लावून दिला, काका. आणि सांगितलं, चढ घाट." ती हसली. "त्याला विचारा एकदा, ट्रक टॉपमध्ये उचलून दाखव म्हणावं."

तिला काही ठाऊक नव्हतं. रामधननं मान हलवली आणि खडू कुठं ठेवायचा ते न सुचून हातातच धरून राहिला.

ती गेल्यावर तो बराच वेळ खालचं चाक हातानं फिरवत बसला. कळलं होतं आता. इतकं सोपं होतं की त्यामुळंच जास्त लागत होतं. रोज त्याच्या हाताखालून जात होतं ते, तेलानं माखलेलं, आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं. मग मागचंही एकेक वर यायला लागलं. जुने गिऱ्हाईक मारोतराव, त्यांच्या कडबा कटरची मोटर. वेग कमी पडतो म्हणाले म्हणून त्यानं मोटरला मोठी पुली बसवली होती, आणि मोटर जळाली तेव्हा मोटरच फसवी निघाली म्हणून सांगितलं होतं. मारोतरावांनी ऐकून घेतलं होतं. सगळे ऐकूनच घेत आले होते. आणि बसंतीला तर त्यानं भर तांड्यात सांगितलं होतं, हिच्या हातात जोर नाही. ज्या हातांनी तिनं टॉप गिअरात अर्धा चढ काढला होता.

त्यानं ताडपत्री काढली. समोरची चकती उतरवली. लहान पोरांच्या सायकलची चोवीस दातांची चकती शोधून समोर लावली, आणि मागंही चोवीसचीच. हाताचा एक फेरा, चाकाचा एक. साखळी कापून बेतली. मागं घसरू नये म्हणून एक खटका केला आणि ब्रेक बदलला. या वेळी ड्रायव्हरांना दाखवायला त्यानं काही ठेवलं नाही.

गाडी घेऊन तो तांड्यात गेला तेव्हा बसंती मशीनवर होती. तिनं वर पाहिलं, पुन्हा शिवायला लागली. रामधन दारातच उभा राहिला. आत ये म्हणाली नाही.

"बसंती," तो म्हणाला. "गाडीत चूक होती. तुह्या हातात नव्हती."

मशीन चालूच.

"मी उलटी चाकं लावली होती. मोठं कुठं पाह्यजे अन् लहान कुठं, मलेच नव्हतं समजत. तू पडल्यावर मी स्वतः बसून पाह्यलं. माह्यानं बी नाही चढली."

"माहीत हाये," बसंती म्हणाली. तिनं दोरा दातांनी तोडला. "पाह्यलं मी. या दाराच्या फटीतून. तू पाय टेकवला ते बी पाह्यलं."

रामधनला बसावंसं वाटलं, पण बसायला त्यानं विचारलं नाही.

"मग काहून नाही बोलली कोणाले?"

"मी कायले बोलू? मले वाटे, तू बोलशीन. आज बोलशीन, उद्या बोलशीन. होळीले तरी येशीन." आता ती त्याच्याकडे पाहत होती. "अन् बाया येत होत्या, माहे दंड दाबून पाहत होत्या. मी तेवढं बी ऐकलं."

"चुकलो मी, बाई."

"मले सांगून काय उपयोग? मले तर पहिलेच माहीत होतं." तिनं कापड मशीनखालून ओढून काढलं. "ते बोलला तेव्हा सगळ्यायसमोर बोलला होता ना?"

गाडी तिथंच ठेवून रामधन चढ चढून नाईकाच्या ओट्यावर गेला. संध्याकाळची वेळ, माणसं शेतातून आली होती, नळाला पाणी आलं होतं. त्यानं धरमसिंग नाईकांना सांगितलं, दोन शब्द बोलायचे आहेत. नाईकांना वाटलं, मंदिराच्या वर्गणीचं काहीतरी असेल. त्यांनी चार हाका मारल्या. बरेच आले.

रामधननं शेडात शंभर वेळा मनात जुळवलेलं बोलणं त्या वेळी काही आठवलं नाही. तो एवढंच म्हणाला, "जयंतीच्या दिवशी बसंतीची गाडी चढली नाही. मी म्हटलं, तिच्या हातात जोर नाही. ते खोटं होतं. गाडी मी चुकीची बनवली होती. मले गिअरचं गणित येत नव्हतं. नंतर मी बसून पाह्यलं, मलेच नाही चढवता आली, तरी मी चूप राह्यलो."

मग मागून एक जण म्हणाला, "गिअरवाल्याले गिअर येत नाही?" आणि हशा पिकला. रामधन मान खाली घालून उभा राहिला. हसू द्यायला हवं, एवढं त्याला समजत होतं.

"एवढ्याचसाठी बोलावलं?" धरमसिंग नाईक म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "अरे, ते तर आम्ही विसरलो बी."

रामधनला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. लोक विसरले होते. बसंती नव्हती विसरली, आणि बायांचे हात तिच्या दंडावर पडायचे थांबले नव्हते. लोक आपापल्या कामाला लागले. दूध प्यायला सांगणारी म्हातारी मात्र काठी टेकत बसंतीच्या घराकडे उतरली. ती आत काय बोलली ते रामधनला कळलं नाही. तो तिथून सरळ पांढरकवड्याला गेला.

पुढचे काही दिवस तांड्याकडून काही कळलं नाही. गाडी चालते की नाही, तिनं तिला हात तरी लावला की नाही, विचारायची त्याला हिंमत होईना. या दिवसांत तो एकदा मारोतरावांच्या शेतावर जाऊन आला. मोटरचं सांगितलं. मारोतराव म्हणाले, "तेव्हाच सांगतलं असतं तर बरं झालं असतं, मिस्त्री." चहा विचारला नाही. रामधननं तेही सोसलं.

मग एका सकाळी नाईकांचा फोन आला, भलत्याच कामासाठी. ट्रॅक्टरचं काही होतं. ते सांगून झाल्यावर म्हणाले, "अन् हां, ते तुही बहीण. काल मंदिरापर्यंत आलती. लय हळू येते गाडी, पण येते. मधी थांबली, पाणी पेली, पुन्हा निंघाली. आम्ही धक्का द्याले गेलो तर आमच्यावरच ओरडली."

रामधननं फोन ठेवला. बराच वेळ त्याला पाना सापडेना, तो त्याच्या हातातच होता.

बसंतीनं त्याला तसं पूर्ण माफ केलं असं म्हणता येणार नाही. राखीला तिनं राखी बांधली, पण पूर्वीसारखी चेष्टा केली नाही. सपाटीवर गाडी फार हळू जाते, हात दुखेपर्यंत फिरवावा लागतो, अशी तक्रार तिनं केली. रामधन म्हणाला, दोन चकत्यांची सोय करता येईल, सपाटीला वेगळी, चढाला वेगळी, फक्त या खेपेला तू सोबत बसून सांग कुठं किती जड लागते ते. ती म्हणाली, "पाहू."

शेडात आता कुणी 'गिअरवाला' म्हणून हाक मारली की त्याचे कान तापतात. काही ड्रायव्हरांपर्यंत गोष्ट पोचली आहे, ते मुद्दाम म्हणतात. तो ऐकून घेतो. कुणी काही बनवून मागितलं, तर आधी खडू काढतो, चाकं फळीवर ठेवतो, खुणा करून फिरवून पाहतो, आणि नाही समजलं तर दिपालीला फोन लावतो. पहिल्यांदा लावला तेव्हा गिऱ्हाइकाची म्हणून सांगितलेली ती तीनचाकी कुणाची होती तेही सांगितलं.

पोळ्याच्या आठवड्यात बाजाराचा दिवस होता. रामधन शेडाच्या दारात ट्रकखालून अर्धा बाहेर आला, आणि त्याला सर्व्हिस रोडवरून बसंती जाताना दिसली. एकटीच. मागच्या पेटीत कापडाचे तागे, पदर खोचलेला, हात एकसारखे फिरत होते, न थांबता. एका ट्रकनं मागून हॉर्न दिला, तरी तिनं वाट सोडली नाही. ट्रकच वळसा घालून गेला.

रामधन तसाच पडून पाहत राहिला. हाक मारावीशी वाटली, पण तिला बाजारात काम होतं. तिनं शेडाकडे पाहिलं नाही. कापडबाजाराच्या वळणावर ती दिसेनाशी झाली.